एक इंच कापड, दोन इंच माया

१२ जानेवारी

व्यायामवाली बाई म्हणते, रोज एक पान लिहा, हात सुटेल. हात सुटेल म्हणजे मोकळा होईल असं तिला म्हणायचं होतं. मला आधी वाटलं, गळून पडेल म्हणतेय की काय.

पावसाळा संपता संपता माझ्या अंगावरून वारं गेलं. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय चालायला लागला. उजवा हात मात्र रुसलेल्या जावयासारखा वागतो. बोलावलं तर येतो, पण कशाला हात लावत नाही.

वही सुनेने आणली. काय लिहू विचारलं तर म्हणाली, "मनात येईल ते लिहा, आई. मी वाचणार नाही." वाचलीस तरी तुला माझं अक्षर लागणार नाही, मी म्हटलं. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. त्यात लिहायचं एवढंच, छाती, कंबर, उंची.

घरात आम्ही तिघी. मी, सून आणि नात. नातीला मी मुंगी म्हणते, एका जागी बसत नाही म्हणून. मुलगा चार वर्षांमागे अपघातात गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पान भरलं.

१६ जानेवारी

सून म्युझियममध्ये दगड सांभाळते. दगडाला सांभाळायचं काय असतं, तो काय पळून जातो, असं मी पूर्वी विचारायचे. आता विचारत नाही. तिच्या दगडांत मासे असतात, पानं असतात, एकात तर पावसाचे थेंब पडलेल्या खुणा आहेत. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीचा पाऊस.

आज जेवताना म्हणाली, "आई, एक काम होतं."

"माझ्याकडे? माझा हात बघितलास का?"

"म्हणूनच तर... म्हणजे, घाई नाहीये म्हणून तुम्हाला विचारते."

म्युझियमच्या वरच्या मजल्यावर भिंतीच्या कडेने एक पट्टी लावायची आहे. वीतभर रुंद, कापडाची. पृथ्वी जन्मली तिथपासून आजच्या दिवसापर्यंत. मी विचारलं, वय काय पृथ्वीचं? म्हणाली, चारशे साठ कोटी वर्षं.

"मग तब्येत बरी आहे म्हणायची."

"एक मीटर कापड म्हणजे दहा कोटी वर्षं. म्हणजे शेहेचाळीस मीटर. मापं मी काढून देते, तुम्ही फक्त कापून जोडायचं."

"तुमच्या म्युझियमला कागद मिळत नाही?"

"कागद मुलं ओढतात, फाटतो."

ते खरं आहे. शेहेचाळीस मीटर म्हणजे काही थोडं नाही, पण सरळ शिलाई आहे. काज नाही, बाही नाही, गळा नाही. पृथ्वीला गळा नसतो हे बरं.

हो म्हटलं. म्युझियमची अडचण असेल तर नाही कसं म्हणायचं.

२० जानेवारी

मापांचा कागद आला. एकूण पंधरा तुकडे. पहिल्या तीन लांबलचक तुकड्यांसाठी म्युझियमने पडद्याच्या कापडाचा तागा दिलाय. बाकीचे बारा मी घरातल्या चिंध्यांच्या पेटीतून काढणार.

मी विचारलं, ह्या पहिल्या तिघांत राहतं कोण? सून म्हणाली, पहिल्यात कोणी नाही. सगळं तापलेलं, वितळलेलं. दुसऱ्यात डोळ्यांना न दिसणारे जीव. तिसऱ्यातही बहुतेक तेच, शेवटी शेवटी समुद्रात काही मऊ, थुलथुलीत.

म्हणजे चाळीस मीटर कापड नुसत्या बुळबुळीतपणासाठी. लग्नाच्या मांडवाला पुरेल एवढं.

"आई, हवेत ऑक्सिजन त्यांनीच आणला. ते नसते तर आपण नसतो."

"असेल. पण त्यांना रंग मी भुराच देणार."

२६ जानेवारी

मुंगी मला तुकड्यांची नावं शिकवते. नऊ वर्षांची आहे, पण तिला सगळी पाठ आहेत. माझ्या जिभेला ती वळत नाहीत, म्हणून मी माझी सोय केली. कँब्रियनला मी कंबर म्हणते. ते बसतंही, कारण तिथूनच पट्टीला आकार येतो. कंबरेच्या आधी सगळा घोळच घोळ, कंबरेनंतर डोळे आले, पाय आले, कवच आलं. त्याच्या पुढचं ऑर्डोव्हिशियन, ते माझं ऑर्डर. सिल्युरियनमध्ये शिलाई आहे असं धरलं. डेव्होनियन म्हणजे देवा.

"देवात काय झालं सांग, आजी."

"मासे पाण्याबाहेर आले."

"कशाला आले?"

"मला काय विचारतेस? आत भांडण झालं असेल."

मुंगी खो खो हसली. मग आईला जाऊन सांगितलं. आईही हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं तिचं हसणं, आतल्या खोलीतून.

समुद्राच्या तुकड्यांसाठी निळी चादर फाडली. निम्मी उरली.

३ फेब्रुवारी

भुरे तीन झाले. कंबर झाली.

कात्री उजव्या हातात धरवत नाही. डाव्याने कापते. दुसरं टोक मुंगी धरते. मशीनवर पाय चालतात, पण उजवा हात कापड वेळेवर सोडत नाही, मग टीप दारुड्यासारखी जाते. सून कामावर आणि मुंगी शाळेत गेली की मी ती टीप उसवते आणि पुन्हा घालते. एकेक जोड तीन तीनदा. संध्याकाळी सून बोट फिरवून बघते आणि म्हणते, "किती सरळ आली, आई." मी म्हणते, मग, वाकडी यायला काय झालं.

तिला कळायला नको. उगाच काम काढून घेईल आणि म्युझियमची पंचाईत होईल.

तिचे डोळे लाल असतात हल्ली. दगड घासताना धूळ जाते म्हणाली. चष्मा घालावा माणसाने.

१० फेब्रुवारी

कोळशाच्या काळासाठी मोडक्या छत्रीचं काळं कापड लावलं. तेव्हा जंगलंच जंगलं होती, हाताएवढे चतुर उडत होते, आणि त्या झाडांचा पुढे कोळसा झाला. छत्री अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

त्याच्या पुढचा तुकडा संपतो तिथे जवळजवळ सगळंच मेलं, असं सून म्हणाली. समुद्रातल्या शंभर जातींतल्या नव्वद. मी विचारलं, मग पुन्हा सुरू कसं झालं? म्हणाली, जे उरले त्यांच्यावरून. हळूहळू. एक कोटी वर्षं लागली सावरायला.

तिथल्या जोडाला मी काळा दोरा घेतला.

मग तिने एक गोष्ट सांगितली. काही डोंगरांत म्हणे मधले थरच नसतात. खालचा थर फार जुना, वरचा एकदम नवा, मधली कोट्यवधी वर्षं गायब. तो काळ झाला नाही असं नसतं. झाला, पण झिजून वाहून गेला, काही लिहून राहिलं नाही.

आमच्याही घरात तसं एक वर्ष आहे. तेव्हा काय शिजवलं, कोण आलं, कोण गेलं, मुंगीचा कितवा वाढदिवस होता, काही आठवत नाही.   दोघी टेपचं एकेक टोक धरून बसलो होतो.

१८ फेब्रुवारी

म्युझियमचा दाढीवाला आला होता. हा सुनेचा साहेब. वयाने तिच्याएवढाच, पण दाढीमुळे जुन्या दगडांत खपून जातो. सून बाजारात गेली होती. त्याला बसवलं, चहा दिला. डाव्या हाताने कप दिला तर लगेच उठून घेतला. मला राग आला.

पट्टी बघून खूश झाला. म्हणाला, "छापलेली पट्टी प्रेसकडून यायचीच होती, आजी. सगळं ठरलं होतं. पण मॅडम हटून बसल्या, कापडाचीच हवी, आणि तुमच्याच हातची. आता बघितल्यावर वाटतं, बरंच केलं त्यांनी."

मी म्हटलं, "हो का?"

मग तो म्हणाला, "त्या समुद्राकाठच्या संस्थेचंही तुम्हीच बघा ना जरा. तीन वर्षं नुसतं संशोधन. अशी जागा पुन्हा चालून येत नाही. त्या नाही कळवणार म्हणतात. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत विचार करा म्हणून मीच त्यांना थांबवलंय."

मी म्हटलं, "हो, बोलणार आहे मी तिच्याशी."

जसं काही मला सगळं ठाऊकच होतं. दाढीवाल्याने चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेला.

सून आली. मी म्हटलं, तुझा साहेब येऊन गेला, भाजी काय आणलीस? गवार म्हणाली.

१९ फेब्रुवारी

आज लिहायचं नाही.

२२ फेब्रुवारी

विचार केला. तिच्या जागी मी असते तर मीही गेले नसते. अर्धी लुळी सासू टाकून जायचं म्हणजे लोक काय म्हणतील. म्हणजे लोकांसाठीच थांबली असणार. तर लोकांना दाखवायचं की सासू धडधाकट आहे.

काल सगळ्यांदेखत उजव्या हाताने पाण्याची बादली उचलली. बादली उचलली गेली. मग सुटली. मुंगीने तीन टॉवेल आणले. मी म्हटलं, कडीच ढिली आहे त्या बादलीची. आज सुनेने नवी बादली आणली. लहान.

आज वेणी माझी मी घातली. मुंगी म्हणाली, "आजी, वेणी तिरकी आहे." मी म्हटलं, फॅशन आहे. सून मागून येऊन पिन लावून गेली.

दोरा ओवताना डोळ्यांना पाणी येतं. नंबर बदलला असणार.

१ मार्च

शेवटचा तुकडा. हिमयुगांपासून आजपर्यंत. कागदावर बघितलं, ह्याचं माप सगळ्यांत लहान. पुसट आकडे होते, मी माझ्या पद्धतीने धरलं. सुनेला विचारलं, माणूस ह्यात केव्हा आला? म्हणाली, शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये. शेती, गावं, राजे, लढाया, सगळं टिपेच्या दोऱ्याच्या आत.

एवढुशा तुकड्याला कुठलं कापड लावायचं? पेटीतून मुलाचा निळा शर्ट काढला. पाठीचं कापड चांगलं होतं. घरात दुसरं निळं कापड नव्हतं.

कापला. शिवला. पट्टी पुरी झाली. गुंडाळली तर उशीएवढी गुंडाळी झाली. चारशे साठ कोटी वर्षं, मांडीवर मावतात.

५ मार्च

आज पट्टी लावून बघितली. मला रिक्षाने नेलं. दाढीवाला शिडीवर, सून टोक धरून पुढे पुढे, मुंगी मधे लोंबणारं कापड उचलून धरायला, मी खुर्चीत. जिन्याच्या तोंडाशी पृथ्वी जन्मली. तिथून भिंतीने फिरत फिरत दुसऱ्या टोकाच्या खांबाशी आजचा दिवस यायचा होता.

आला नाही. भुरे तीन तुकडे गेले, कंबर गेली, छत्री गेली, डायनासोर यायच्या आत खांब दिसायला लागला. सुनेचा चेहरा बदलत चालला. शेवटी पट्टी खांब ओलांडून शेजारच्या दारावर गेली. ते दार बायकांच्या स्वच्छतागृहाचं.

मुंगी म्हणाली, "आई, डायनासोर मेल्यापासूनचं सगळं बाथरूममध्ये गेलं."

दाढीवाला शिडीवर एवढा हसला की शिडी हलली. सुनेने टेप काढला. एक तुकडा मोजला. दुसरा मोजला. मग माझ्याकडे बघितलं.

"आई, तुम्ही माया सोडलीत?"

"म्हणजे काय? माया सोडल्याशिवाय कोणी कापड कापतं? शिलाईत जाईल तेवढं जास्तीचं धरावंच लागतं. तुझ्या मापाला दोन्ही बाजूंनी इंच इंच."

"मी माया धरूनच मापं लिहिली होती. दोन्ही बाजूंनी इंच इंच."

म्हणजे तिची माया वेगळी, माझी वेगळी. प्रत्येक तुकडा दोन इंच जास्त. पंधरा तुकड्यांत पृथ्वी साडेसात कोटी वर्षांनी म्हातारी झाली.

"तुला कोणी सांगितलं होतं धरायला?"

"तुम्हीच." ती आता हसत होती की काय ते कळेना. "लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी उशीचा अभ्रा कापला होता. बरोबर उशीच्या मापाचा. तुम्ही तो वर धरलात आणि म्हणालात, शिकलेली आहेस ना तू, माया कुठे गेली? मी खोलीत जाऊन रडले. मला वाटलं, आठ दिवसांत सासूने ओळखलं की हिला माया नाही."

"अगं, मी कापडाचं बोलत होते."

"ते त्याने मला संध्याकाळी सांगितलं. हसून हसून लोळला होता."

तो म्हणजे माझा मुलगा. कसा लोळला असेल ते मला दिसलं. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघी त्याच्या एका गोष्टीवर मिळून हसलो, तेही बायकांच्या स्वच्छतागृहासमोर.

रिक्षात मी म्हटलं, "धरली आहे म्हणून मला सांगायचं होतंस."

"तुम्ही विचारायचं होतं."

"आणि समुद्राकाठच्या जागेचं? तेही मीच विचारायचं होतं?"

 मुंगीने विचारलं, कुठला समुद्र? आम्ही दोघींनी मिळून तिला गप्प बसवलं.

८ मार्च

रविवार. जेवणं उरकून दोघी समोरासमोर उसवायला बसलो. मुंगी शेजारी खेळायला.

सून म्हणाली, "साहेबांनी सांगितलं?"

"त्याच्या दाढीत काही राहतं का."

"मी नाही म्हणून कळवणार आहे."

"कारण?"

"इथलं काम आहे. मुंगीची शाळा आहे."

"तिथल्या शाळेत मुंग्या घेत नाहीत?"

"तुमचा हात, आई."

"माझा हात माझ्या खांद्याला आहे. तुझ्या पदराला नाही."

"मग तुम्ही चला आमच्याबरोबर."

हे तिने इतक्या पटकन म्हटलं की कितीतरी दिवस जिभेवर ठेवलं असणार. मी म्हटलं, येईन की. सुट्टीत येईन, राहीन, तुझ्या हातचं खाऊन आजारी पडेन आणि परत येईन. पण माझं मशीन इथे, गिऱ्हाइकं इथे. वरच्या मजल्यावरची विधवा बाई रोज दोनदा डोकावते, एकदा माझ्यासाठी आणि एकदा माझ्या चहासाठी. मी काही उघड्यावर पडत नाही.

"पट्टी प्रेसमधून छापून येणार होती, हेही कळलं मला," मी म्हटलं.

ती खाली मान घालून दोरे ओढत राहिली. "हात तर चालायला लागला ना," एवढंच म्हणाली.

"लागला. म्हणून तर सांगतेय, जा."

मग तिचं नाक वाजायला लागलं. इथे दगडाची धूळ नव्हती. म्हणाली, "तीन वर्षं आहेत, आई. तीन वर्षं थोडी नसतात."

मी पट्टी तिच्या मांडीवर टाकली. "ह्यावर दाखव मला तीन वर्षं."

तिने सुई घेतली, टोक कापडावर ठेवलं. बघितलं. "हे टोकही फार मोठं झालं. ह्यात हजारो वर्षं बसतील."

"मग सुईच्या टोकात मावत नाही एवढ्याशा गोष्टीसाठी नाक ओढतेस?"

तिने डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "त्याचं सगळं आयुष्यसुद्धा ह्यावर दिसत नाही, आई."

  मी हातातला जोड पुरा उसवला, दोरे झटकले, तुकडा उलटा केला. मग म्हटलं, "आतली टीप कधी दिसते का? पण तीच धरून ठेवते. दे पुढचा तुकडा."

तिने पुढचा दिला.

सगळ्यांत शेवटी तो निळा आला. तिने तो हातात घेतला आणि बराच वेळ अंगठा फिरवत बसली. कापडाचा पोत बघत असेल. मग उरलेली अर्धी निळी चादर कपाटात घडी घालून ठेवली आहे तिकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

मोजला. मुळात तो एक इंच हवा होता. माया तिची दोन इंच, माझी दोन इंच. एवढ्याशा तुकड्याला चौपट माया. मी म्हटलं, जास्तीचं कापून टाक, खांबापाशी बरोबर येईल.

ती म्हणाली, "नको. खांबामागे दुमडून ठेवू."

"मागे ठेवून काय करायचंय? पट्टी आजला संपते म्हणालीस ना?"

"आज संपते. उद्या लागेल की." आणि मग माझ्यासारखं तोंड करून, "शिकलेल्या आहात ना तुम्ही, माया कुठे गेली?"

"मी चौथीपर्यंतच शिकलेय," मी म्हटलं.

पण ते बरोबर होतं. वाढत्या अंगाचं कापड कोणी कडेला कापत नाही.

९ मार्च

सून हो म्हणून कळवून आली. येताना तोंडावर पाणी मारून आली होती. मी मुंगीला सांगितलं, तुला समुद्र बघायला मिळणार. ती म्हणाली, मासे जिथून बाहेर आले तो? मी म्हटलं, तोच. तिने विचारलं, आजी, तू भांडून राहतेयस का इथे? म्हटलं नाही गं, मी आधीच बाहेर आलेली आहे.

२२ मार्च

आज पट्टी लोकांसाठी खुली झाली. आता बरोबर खांबाशी संपते. शाळेची मुलं भुऱ्या तुकड्यांपाशी धावतात. तिथे बघण्यासारखं काही नाही, पण धावायला जागा आहे. कंबर आली की थांबतात.

एका बाईंनी टोकाला हात लावून विचारलं, इथे एवढं जाड का लागतंय? सून सांगायला निघाली होती, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "आजीने आणि आईने दोघींनी माया सोडली होती, ती मागे आहे." बाई म्हणाल्या, किती गोड बोलते. त्यांना काय कळलं कोण जाणे.

१८ एप्रिल

चालल्यात परवा. घरभर खोकी. शिवलं काय म्हणाल, तर मुंगीचा एक लाल फ्रॉक. टीप पहिल्याच खेपेला सरळ आली.

२० एप्रिल

गेल्या. दारात सून पाया पडायला वाकली तर मी म्हटलं, वाकू नकोस, गाडी सुटेल. तिने माझा उजवा हात धरला होता. मीही धरला. बोटं मिटली बरोबर. मुंगीने मागे वळून वळून हात केला, कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबावर आपटणार होती.

घर आवरायला घेतलं. आवरण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

२ मे

वही राहिली होती. रोज लिहायला सांगितलंय खरं. पण रोज काही होत नाही. त्या भुऱ्या चाळीस मीटरांत रोज काय होत असेल?

म्युझियममध्ये जाऊन आले. पट्टीला धूळ बसलेली. झटकली. खांबामागे हात घालून बघितलं, आहे.

१४ फेब्रुवारी

मधे सुट्टीत त्या येऊन गेल्या, तेव्हा लिहायला फुरसत नव्हती.

आज फोन आला, तोंड दिसतं तो. मुंगी लाल फ्रॉक घालून उभी. गुडघे बाहेर आलेत. सून म्हणाली, "आई, आखूड झाला. ही दुसरा घालायला तयार नाही. काय करू?"

"उलटा कर. खालच्या घेराला आत दुमड आहे. ती उसव."

फोन टेबलाला टेकवून ठेवला तिने. मी इथून सांगत होते, ब्लेड आडवं धर, कापडाला नको लावूस, दोऱ्याला लाव. शिकलेली बाई, पण ब्लेड धरते चमच्यासारखं. दोरा सुटला. कापड खाली आलं. मुंगीने गुडघे वाकवून बघितले आणि गोल फिरली.

सून पुढे वाकून आत बघत होती. "आई, आत अजून एक दुमड आहे."

"असेल."

"ही मुद्दाम ठेवलीत?"

"ती आत्ता उसवू नकोस. पुढच्या वर्षी."

ती बोटाने घेराच्या आत चाचपत राहिली. मग म्हणाली, "आणि ह्या दुसरीच्या आत?"

"तिसरी आहे. ती उसवलीस की इकडे यायचं."

तिकडे बराच वेळ नुसतं लाल कापडच दिसत होतं. मुंगी मधे मधे विचारत होती, काय झालं, काय झालं. मग सून म्हणाली, इस्त्री करावी लागेल का? मी म्हटलं, हो, आधी पाणी शिंपड, जुनी घडी लगेच जात नाही.

आज पान उजव्या हाताने पुरं झालं, मधे न थांबता.